तात्याची शिल्लक

“दूध गेलं कुठं, तात्या?”

धुळा रिकामी चरवी घेऊन कुंपणात उभा होता. समोर बांडी नावाची मेंढी. कास दगडासारखी तटतटलेली, आणि धार एक नाही.

म्हाकूतात्यानं तपकीर ओढली.

गुरू म्हणावं असं तात्यात काही नव्हतं. हट्टी, घुम्या, आणि समोरचा खड्ड्यात पडतोय हे दिसलं तरी तोंड न उघडणारा. असली म्हातारी माणसं आपल्याकडं घरोघरी आहेत. पण मेंढरं शिकायची तर त्याच्याकडंच. म्हणून कॉलेज सोडून आलेला हा पुतण्या त्याच्या कळपात राहिला होता.

मेंढीचं दूध विकायचं, ही कल्पना धुळाची. हिशेबही त्याचाच : निम्मं दूध कोकरं पितात, म्हणजे निम्मा धंदा कोकरं पितात. काल त्यानं सगळी कोकरं व्यापाऱ्याला देऊन टाकली.

चीज बनवणाऱ्या बाईंची गाडी पहिलं दूध न्यायला आता येणार होती. कॅन रिकामा दिसला की ती पुन्हा येणार नव्हती. मग धुळानं शहरात जाऊन कुणाच्या तरी गोदामात खोकी उचलायची.

“कोकरं न्हाईत, मग पान्हा कुठनं यील?” तात्या शेवटी म्हणाला.

“हे काल ठाऊक होतं तुम्हाला?”

“व्हतं.”

“मग बोलला का नाही?”

“तू इचारलंस कुठं? तू तर सांगत व्हतास.”

धुळा भडकला. “जन्म गेला तुमचा मेंढरांमागं. शिल्लक काय? सांगा ना! हे एक घोंगडं. तेही कोकरांनी मुतून घाण केलेलं!”

“खरं हाय,” तात्या म्हणाला. “येवढंच हाय.”

कोकरं रोज त्याच घोंगड्यावर एकमेकांना चिकटून झोपायची. तात्या कडेला कुडकुडत पडायचा.

त्यानं ते खांद्यावरून काढलं आणि धुळाच्या डोक्यावर टाकलं.

“वाक. गुडघ्यावर.”

“तात्या, चेष्टा नको...”

“गाडी येतीया न्हवं?”

धुळा वाकला. करतो काय!

“आता कासंला डोकं लाव. ढुशी दे. आरं, भांडल्यावानी न्हाई. भुकेल्यावानी!”

धुळानं ढुशी दिली. बांडीनं मान वळवली. घोंगडं हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग धुळाचा कान चाटला.

तात्यानं सडाला हात घातला. चरवीत धार वाजली.

“हसू नका, तात्या.”

“हसत न्हाई.”

तो हसत होता. मिशीतली तपकीर उडेपर्यंत हसत होता.

एकेका मेंढीपाशी धुळा गुडघ्यावर सरकत राहिला. काहींनी त्याला लाथ घातली, काहींनी चाटलं. कॅन निम्मा भरला. शेवटी बांडीचं उरलेलं दूध काढायला दोघं परत तिच्यापाशी आले, आणि रस्त्यावर हॉर्न वाजला.

“व्यापाऱ्याकडून कोकरं परत आणतो,” घोंगड्याखालून आवाज आला. “पण आता उठू द्या. बाई आल्या. मालक असा दिसतो का?”

तात्यानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तोच हात खांद्यावर ठेवून त्याला खाली दाबलं.

“बस. मालक व्हतास तवा बांडीनं वळखलं न्हाई तुला.”