दुभाष्याचा घाम

"आणि ह्याहून मोठं यंत्र आणलंस, तर ते तापणार न्हाई?" अक्कांनी विचारलं.

"मोठंच आणायला लागणार!" महांतेश ओरडला. "पंखा बदलला. प्रोसेसर दुप्पट ताकदीचा घातला. मशीनवरची बाकीची सगळी कामं बंद केली. तरी शंभर टक्के! आप्पांच्या खोलीत फिल्म लावली की सर्व्हर नुसता घरघरतो आणि चित्र अडकतं."

मठात कुणी ओरडत नाही. म्हणजे मठ चालवणाऱ्या अक्का सोडून कुणी नाही. अक्कांचा राग नदीपलीकडच्या गावांनाही ठाऊक होता. पण आज त्या न ओरडता दासोहाच्या, म्हणजे मठातल्या अन्नदानाच्या, भाकऱ्या थापत होत्या.

महांतेश इचलकरंजीत कॉम्प्युटरची कामं करायचा. घरच्या जुन्या चित्रफिती त्यानं एका मशीनवर चढवल्या होत्या आणि घरातल्या कुठल्याही टीव्हीवर त्या दिसतील अशी सोय केली होती. ही सोय किती नामी आहे हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. कुणी न विचारता.

आप्पा त्याचे वडील. अर्धांगानं त्यांची वाचा गेली होती, एक हात तेवढा हलायचा. जेवण सुटलं होतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण तिची फिल्म लावली की चार चमचे पेज घशाखाली उतरायची. डॉक्टर म्हणाले होते, पोटात काही जात राहिलं तरच आशा.

"काल चित्र सारखं अडकायला लागलं," महांतेश म्हणाला. "त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पेज थुंकून टाकली."

"मग तू काय केलंस?"

महांतेशनं परातीच्या कडेचं पीठ बोटानं सारखं केलं.

"महांतेश."

"ओरडलो त्यांच्यावर."

"शाबास रं वाघा," अक्का म्हणाल्या. त्यांनी भाकरी तव्यावर अशी टाकली की तवा हलला.

जरा वेळानं त्यांनी विचारलं, "बाकीच्या खोल्यांत अडकत न्हाई?"

"नाही. तिकडे फिल्म जशी आहे तशी जाते, मशीनला कष्टच नाहीत. आप्पांच्या टीव्हीवर मी अक्षरं लावलीत. आई काय बोलते ते चित्राच्या खालच्या बाजूला उमटतं. मोठी, रंगीत, ठसठशीत अक्षरं. एकेक वाक्य मी स्वतः टाइप केलंय, अक्का! त्या टीव्हीला ती झेपत नाहीत. म्हणून सर्व्हर एकेक चित्र उलगडतो, त्यावर अक्षरं रंगवतो, पुन्हा बांधतो, मग पाठवतो. तापणार नाही तर काय होईल?"

"अक्षरं कशाला?"

"त्यांना ऐकू कमी येतं."

"कुणी सांगितलं?"

"सांगणार कोण? वाचाच गेलीय त्यांची. बोलता येत नाही म्हणजे कानांवरही परिणाम झालाच असणार. माझा अंदाज आहे."

"तुझा अंदाज," अक्का म्हणाल्या, आणि पुढचा गोळा परातीत आपटला.

तेवढ्यात दारातून एक म्हातारा आत आला. डोक्याला रुमाल, हातात काठी. अक्कांनी मानेनंच त्याला बसायला सांगितलं.

"हे बसगोंडा अण्णा. अथणीकडचे. तुला कन्नड येतं का रं?"

"उत्तम येतं," महांतेश म्हणाला आणि सरसावून दोघांच्या मध्ये बसला.

अक्कांनी अण्णांना गुडघेदुखी विचारली. महांतेशनं ती कन्नडमध्ये सांगितली. अण्णांनी कन्नडमध्ये उत्तर दिलं. महांतेशनं ते मराठीत आणलं. अक्कांनी विहिरीच्या गाळाचं काढलं, मग अण्णांच्या जावयाचं, मग मठाच्या उसाचं. त्या बोलत होत्या भराभर, आणि मध्येमध्ये शिव्या पेरत होत्या. महांतेश शिव्या गाळायचा, वाक्य नीट करायचा आणि मग पुढे द्यायचा. चुलीची धग अंगावर येत होती. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळायला लागला, घसा कोरडा पडला. पण त्याला मनातून बरं वाटत होतं. आपण नसतो तर या दोघांचं काय झालं असतं, असंच त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

मग अक्कांनी मठाच्या म्हशीचा किस्सा काढला. पाहुण्या स्वामींसाठी बंबातून काढून ठेवलेलं आंघोळीचं पाणी म्हैस कशी पिऊन गेली, आणि स्वामी पंचा नेसून तिच्यामागं कसे धावले.

महांतेशनं तोंड उघडलं. त्याआधीच अण्णा पोट धरून हसायला लागले.

"तुम्हाला... मराठी येतं?"

"न यायला काय झालं?" अण्णा डोळे पुसत म्हणाले. "सांगलीत हळदीच्या पेठेत जन्म गेला की माझा."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही मला कन्नडमध्ये विचारलं, मी कन्नडमध्ये बोललो. मराठी येतं का, असं कुठं विचारलं तुम्ही?"

महांतेश ताडकन उठला. "अक्का, तुम्हाला माहीत होतं!"

"व्हतं."

"आणि तरी मला राबवलंत? मूर्ख बनवलंत मला!"

"मी?" अक्का कडाडल्या. तव्यावरची भाकरी करपली, त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "मी एवढंच विचारलं, कन्नड येतं का. मधी बस म्हणून सांगितलं कुणी तुला? घाम गाळ म्हणून सांगितलं कुणी?"

अण्णा काठीकडे बघत बसले.

"आप्पांचं वेगळं आहे," महांतेश शेवटी म्हणाला. आवाज उतरला होता, राग नाही. "आप्पांना गरज आहे. भाकरीच्या त्या फिल्मला तर ते हात उचलतात आणि असा झटकतात. कमी ऐकू येतंय म्हणून मी आवाज वाढवतो. तर आणखी जोरात झटकतात."

"भाकरीची कसली फिल्म?"

"आई चुलीपुढे भाकऱ्या थापतेय. बोलतेय, हसतेय."

"कुणी काढली?"

"आप्पांनीच."

अक्का थांबल्या.

मग त्यांनी नवा गोळा घेतला, परातीत ठेवला. चुलीशेजारचं मोठं फडकं उचललं आणि परातीवर पसरलं. हात फडक्याखाली गेले. आतून थापण्याचा आवाज यायला लागला.

"बघ," त्या म्हणाल्या. "बघ माझे हात कसे फिरतात ते."

"काय बघू? काही दिसत नाही."

"बघ म्हणते न्हवं!"

"अहो, कसं दिसेल?" महांतेश संतापानं ओरडला. त्यानं उजवा हात पुढे करून हवेत झटकला. "ते फडकं काढा आधी!"

...

हात तसाच हवेत राहिला. तो आपल्याच हाताकडे बघत होता. आप्पा असाच झटकायचे; फिल्ममध्ये आईचे हात त्या ठसठशीत अक्षरांखाली होते.

फडक्याखालचं थापणं थांबलं.

"तुला तोंड आहे," अक्का म्हणाल्या, "म्हणून तुला सांगता आलं."