कासवाचं पुराचं गणित

नदीला अजून घाट बांधला नव्हता, तेव्हाची गोष्ट. एक टिटवी अंडी घालायला काठावर जागा शोधत होती.

"इथंच वाळूत घाल की!" खेकडा म्हणाला. "तीन वर्षं राहतोय मी, पूर कसला तो पाहिला नाही."

"तीन वर्षांत काय कळतं रे?" कासव म्हणालं. "साठ पावसाळे पाहिलेत मी. पूर आला चार वेळा. म्हणजे पंधरा वर्षांतून एकदा. चार वर्षांपूर्वीच येऊन गेला, आता अकरा वर्षं बिनघोर राहा!"

काठावरच्या उंबराच्या उंच बेचक्यात मागच्या पुराचं गवत अजून अडकलेलं होतं. उंबर हळूच म्हणाला, "कासवदादा, गणित चोख आहे तुझं. पण नदीला सांगितलंस का?"

टिटवीने वर गवताकडे पाहिलं आणि त्याहून उंच टेकाडावर अंडी घातली.

त्याच आषाढात पूर आला. कासव गटांगळ्या खात टेकाडाला लागलं, पाठीवर खेकडा घट्ट बसलेला. टिटवीने पिलांना सरकवून दोघांना जागा दिली.

धाप ओसरताच कासव म्हणालं, "साठ वर्षांत पाच पूर. म्हणजे आता बारा वर्षं बिनघोर!"

टिटवी पोट धरून हसली. पुढच्या वर्षी अंडी मात्र तिने टेकाडावरच घातली, आणि शेजारी कासव आधीच येऊन बसलेलं होतं.