निजकातळ

आंबेकोंडच्या डोहाला लागून पलंगासारखा सपाट कातळ आहे. त्याला निजकातळ म्हणतात. पाहुणे वर चढून फोटो काढू लागले की गावातली जाणती माणसं त्यांना आधी आवाज कमी करायला सांगतात, आणि मग धाकलूची गोष्ट सांगतात.

धाकलू गळ बांधायचा. कोंबड्याच्या मानेचं पीस मेण लावलेल्या दोऱ्याने लोखंडी आकड्यावर असं गुंडाळायचा, की पाण्याखाली किडाच पोहतोय असं डोहातल्या खडस माशाला वाटावं. दोरा फार ओढला तर पीस मेल्यासारखं चिकटतं, सैल राहिला तर सुटतं. ते माप त्याच्याच बोटांत होतं, म्हणून गावभरचे गळ त्याच्याकडे. सगळ्यांचे बांधून होईस्तोवर उजेड सरायचा. स्वतःचा गळ पाण्यात सोडणं त्याला कधी जमलंच नाही.

"गावभर खडसाचा वास, नि आपल्या चुलीवर आंबील," बायको बाळी म्हणायची.

पुढे त्याची नजर अधू होत चालली. तेव्हा तो डोहातल्या साती आसरांना नवस बोलला: एक खडस माझ्या गळाला लागू द्या, मग डोळे तुमचे.

पावसाळा सरला, पाणी निवळलं. सगळ्यांचे गळ संपवून धाकलूने आपला एक बांधला, तो मुठीत धरून कातळावर टेकला, आणि बसल्या जागी त्याचा डोळा लागला. काठाने सारं गाव गळ टाकून बसलेलं. पण त्या दिवशी एकाही गळाला मासा शिवला नाही, म्हणे. शेजारचा गोमा वैतागला.

"वहिनी, उठवा त्याला. गळ बिघडवलेत यानं."

"गळ नाही बिघडले, भावजी. माणूस दमलाय. हात लावाल तर डोहात ढकलीन."

कोणी हात लावला नाही. सगळ्यांनी दोर वर घेतले आणि गप्प बसून राहिले. उन्हं उतरल्यावर धाकलू जागा झाला. त्याने आपला गळ सोडला, आणि दोर ताणला गेला. नवराबायकोने मिळून तो खडस काठावर घेतला, असं सांगतात.

दुसऱ्या सकाळी त्याला दोरा दिसेना. त्याचं त्याला वाईट वाटलं नाही, म्हणे. गळ बांधून दे म्हणत आता कोणी दारात येणार नव्हतं.

आजही पाणी निवळलं की गळ बांधणारा गावातला सगळ्यांत वयस्क माणूस आधी या कातळावर आडवा होतो. बाकीचे दोर गुंडाळून काठाला बसतात. कधीकधी दुपार कलते. त्याला कोणी उठवत नाही.