अंड्यावरचं कुंकू

एका राज्यात भर दुपारी राणी राजाला विचारत होती, "अंड्यावरचं कुंकू कलतं कुणी केलं?"

"मी केलं," राजा धैर्यधर म्हणाला. "त्यात ओरडायला काय झालं?"

"हात लावू नका, म्हटलं होतं ना?"

"अगं, माझ्या खुराड्यातली कोंबडीसुद्धा चोचीनं अंडी फिरवते. न फिरवलेलं अंडं नासतं. झुंजीचे कोंबडे पाळण्यात माझा जन्म गेला, मला तू शिकवणार?"

"कोंबडीचं कोंबडीपाशी! हे कासवाचं आहे. कासवी अंडं घालते, माती लोटते नि चालू लागते, मागं वळूनसुद्धा बघत नाही. आतला जीव वरच्या कवचाला चिकटून वाढतो. अंडं उलटलं की तो गुदमरला. आमच्या माहेरी म्हणूनच वरच्या अंगाला कुंकवाचं बोट लावतात आणि ते बोट आभाळाकडंच ठेवतात. बघा, बघा आपल्या लेकाकडं!"

राजानं पाहिलं. पलंगावर उताण्या निजवलेल्या राजपुत्र सुरंजनाचं तोंड आपोआप भिंतीकडं वळलं होतं. ओठ निळे पडत चालले होते. राणी इरावतीनं पलंगाशेजारच्या घंगाळातल्या वाळूत हात घातला, अंडं हलक्या बोटांनी होतं तसं बसवलं. कुंकू वर आलं. लेकाचं तोंडही सावकाश सरळ झालं. डोळे मात्र तसेच उघडे, छताकडं लागलेले. छतावर एक पाल तेवढी चिकटून बसली होती.

हे संकट आलं ते असं. भुजंगनाथ नावाचा मांत्रिक राजवाड्याच्या दारी आला आणि राणीच्या माहेरची म्हातारी कासवी मागू लागला. तिच्या पाठीचा त्याला कटोरा करायचा होता. राणी म्हणाली, "जिवंत पाठ मागतोस? कटोरा हवा तर कुंभाराकडं जा." मांत्रिक हसला. म्हणाला, "जिच्यासाठी मला हाकललंस, तिच्याच अंड्यात तुझ्या पोराचा श्वास कोंडला." चौकात कासवीनं अंडं घातलं आणि इकडं सुरंजन उभ्याचा आडवा झाला. त्या घटकेपासून राज्यात जे मिटलेलं होतं ते मिटलेलंच राहिलं. कळी उमलेना, गाय विईना, भरल्या पोटाच्या लेकीसुना भिंतीला टेकून नुसत्या कण्हत बसल्या.

चौकातली साळुंकी तेव्हा माणसासारखी बोलली होती: "अंडं फोडाल तर श्वास उडेल. अंडं नासेल तर श्वास कुजेल. पिल्लू आपल्या पायांनी बाहेर येईल तर पोर उठेल." एवढं बोलून ती दाणे टिपू लागली.

"मी आपणहून नाही फिरवलं," राजाचा आवाज आता खाली आला होता. "अंड्यातून त्याचाच आवाज आला. म्हणाला, आबासाहेब, अंग अवघडलं, कूस बदला. बापाचं काळीज आहे, राणी. दगड नव्हे."

 भांडण मिटलं नाही, नुसतं थांबलं. राणीला मात्र वाटू लागलं, खरंच लेक बोलला असेल तर?

मग वाऱ्यात धग आली. वाळू तापू लागली, आणि आवाज तिच्याही कानी पडला. अगदी सुरंजनाचाच, पडसं झाल्यासारखा जरा घोगरा.

"आईसाहेब, तहान लागली. घशाला कोरड पडली. पाणी ओता ना."

तिनं तांब्या उचलला. कलता केला. वाळूत पाणी ओतलं की अंडं कुजतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणून तर तिनं अंड्याशेजारी पाण्याची वाटी पुरून ठेवली होती, नुसत्या ओलाव्यापुरती. पण आईचा हात कुठं शहाणा असतो? थेंब काठाशी आला आणि तिची नजर पलंगावर गेली. सुरंजनाचे ओठ ओलसर होते, दव पडल्यासारखे.

'मग तहान कुणाला लागलीय?'

तिनं तांब्या खाली ठेवला. छतावर पाल चुकचुकली.

पुढं एके सकाळी अंड्याला बारीक चीर गेली. तशीच चीर सुरंजनाच्या कपाळावर उमटली आणि तिच्यातून रक्ताचा एक थेंब आला. चिरेतून पिल्लाच्या नाकावरचा इवलासा दात दिसला. एकदा हलला. मग हालचाल थांबली.

उन्हं चढली, उन्हं उतरली, तरी काही नाही. आणि आवाज मात्र किंचाळू लागला. "आबासाहेब! आईसाहेब! गुदमरतोय मी! कवच सोला, मला ओढून काढा!"

राजानं कोंबड्याच्या पायाला बांधायची पाती उपसली.

"बाजूला हो!"

"नाही व्हायची. पिल्लाच्या पोटाशी अजून बलकाची पिशवी आहे. ती आत ओढली जाईस्तोवर ते असंच पडून राहतं. आता ओढलंत तर आतडी हाती येतील."

"पोर मरतंय आणि तू मला माहेरच्या गोष्टी सांगतेस? आई आहेस की वैरीण?"

"वैरीण म्हणा. पण पाती खाली ठेवा."

"ऐक, ऐक कसा हाका मारतोय!"

पातीचं टोक कवचाला लागलं. पलंगावर सुरंजनाच्या कपाळावरची चीर भुवईपर्यंत आली. राणी घंगाळावर वाकली. चिरेपाशी कान नेला तेव्हा तिला आत एक आवाज ऐकू आला, किंचाळण्याहून निराळा: खर, थांबणं, पुन्हा खर. नखानं भिंत कोरल्यासारखा. तिनं राजाचं मनगट धरलं आणि एकच वाक्य बोलली.

राजाची मूठ सैल झाली. किंकाळी अर्ध्यातच तुटली. छतावरून पाल धप्पकन पडली, पडता पडता भुजंगनाथ झाली. तो तोंड उघडी आणि मिटी, पण घशातून आवाज निघेना. लेकाच्या आवाजाचं सोंग उघडं पडलं तसा त्याचा स्वतःचा आवाजही गेला, आणि त्याचे मंत्र होते तेवढे आवाजातच. पहारेकऱ्यांनी त्याला वेशीबाहेर नेऊन सोडलं.

मग सावकाश, कुणाचीही घाई नसल्यासारखं, पिल्लानं एक पाय बाहेर टाकला. मग दुसरा. टोपीसारखं अर्धं कवच पाठीवर घेऊनच ते वाळूवर आलं, आणि सुरंजन पलंगावर उठून बसला. चौकातल्या कळ्या फुटल्या, गोठ्यात वासरं उभी राहिली, घराघरांतून तान्ह्यांचं रडणं आलं. रडणं ऐकून माणसं इतकी हसलेली त्या राज्यानं कधी पाहिली नव्हती.

आणि पातीची धार अंड्यावर असताना, राजाचं मनगट धरून राणी म्हणाली होती ते एवढंच:

"महाराज, जो आतून खरंच बाहेर यायला झटतोय, त्याला हाका मारायला सवड नसते."