फ्यूजच्या जागी खिळा

खुर्ची मिळाली की माणसाला ‘नाही’ हा शब्द सोसवेनासा होतो. सभापती जगदेवरावांचं तसंच झालं होतं. त्यांची जुनी जीप घाटात धूर ओकत बंद पडली, अख्खं वायरिंग जळालं. त्यांनी ड्रायव्हर येसबाला तिथल्या तिथे कामावरून काढलं आणि जीप ओढून गॅरेजात आणवून ते मिस्त्रीवर गरजले, “लालाभाई, जीप येसबानंच जाळली, सांगा सगळ्यांना!”

लालाभाईंनी फ्यूजच्या जागेतून एक काळा पडलेला खिळा उपसला. “हा कुणी घातला?”

“मीच घालायला लावला. ऐन मिरवणुकीत फ्यूज उडायचा, दिवे जायचे. येसबा नको म्हणाला. मला नको म्हणतो!”

“साहेब, फ्यूज स्वतः जळतो आणि गाडी वाचवतो. जो वेळेवर उडायचा, त्यालाच तुम्ही उडवलंत. आधी गाडीतून, मग नोकरीतून. गाडीला नवा फ्यूज मी देईन, पण तुमच्याभोवती आता नुसते खिळेच उरलेत.”

सभापती चवताळून मागच्या कार्यकर्त्यांकडे वळले. “खरं आहे का रे हे?”

“छे छे, साहेब!” सगळे एका सुरात म्हणाले.