कोठीतली पानवेल

टच्!

विड्याचं कोवळं पान नखाने खुडलं की असा आवाज होतो. कोरडगडच्या रणधवल राजाने तो लहानपणी मामाच्या पानमळ्यात ऐकला होता. आता राजाचे केस पिकले, तरी तो आवाज काही त्याच्या कानातून जाईना. गडावर पानं यायची ती पायथ्याहून, टोपलीतून, उन्हातून. वर पोचेपर्यंत सगळ्यांनी माना टाकलेल्या!

शेवटी राजाने हुकूम सोडला, "मला माझ्या गडावर, माझ्या हाताने पान खुडायचंय!"

कोरडगड म्हणजे नुसता कातळ. तिथल्या वाऱ्याने माणसांचे ओठ फुटायचे, मग पानवेल कशी जगणार? प्रधान गुणाजीपंतांनी एका दगडी कोठीत माती भरून घेतली आणि पायथ्याच्या सटवाजी तांबोळ्याला वेल लावायला बसवलं. उजेडाला वर एक झरोका होता, पण कोठीत गारठा. शेगडी ठेवली, तर वेल करपली. पाणी शिंपडलं, तर कुजली. दोन्ही एकदम केलं, तर धुराने राजाच खोकत बाहेर आला!

"बस्स!" राजा डोळे पुसत ओरडला. "आजपासून कोठीत विस्तव नाही! मुळाला घालाल तेवढंच पाणी, वर एक थेंब उडवायचा नाही! पण ऊब हवी आणि ओलही हवी. येत्या पुनवेच्या पुढच्या पुनवेला मला पान खुडता आलं नाही, तर सटवाजी, तुझा पायथ्याचा पानमळा नांगरून तिथे घोडे बांधीन!"

तो मळा सटवाजीच्या आजाने लावला होता. त्यातल्या प्रत्येक वाफ्याला त्याने लेकराचं नाव ठेवलं होतं.

त्याची लेक गोजरा भाकरी घेऊन आली होती. तिने फडकं बापाच्या हातात दिलं आणि म्हणाली, "आबा, तुम्ही जेवा." मग राजाकडे वळली. "महाराज, विस्तवाशिवाय ऊब आणि शिंपडल्याशिवाय ओल. एवढंच ना?"

"एवढंच? पोरी, माझे सगळे शहाणे थकले!"

"मग त्या सगळ्यांना इथंच बसवा. रोजचा दरबार या कोठीत भरू द्या. दार बंद. आणि दरबारात काय विचारायचं, ते मी तुमच्या कानात सांगेन."

प्रधान खो खो हसले. "दरबार कोठीत? उद्या म्हणशील, घोडे माजघरात बांधा!"

"घोडे नकोत, प्रधानजी. ते फार कमी बोलतात."

राजाला गंमत वाटली. "मंजूर! पण हे कशासाठी?"

"ते पान खुडल्यावर सांगेन."

दुसऱ्या दिवशी सटवाजीने नवी वेल लावली. कोठीत दरबार भरला. पागोट्याला पागोटं, मांडीला मांडी! कोपऱ्यात गोजरा वेलीजवळ बसली. तिने पानाला गाल लावून पाहिला आणि राजाच्या कानात कुजबुजली. राजाने घसा खाकरला.

"मंडळी, माझ्यासारखा राजा आजवर कुठे झालाय का?"

झालं! सगळे एकदम सुटले.

"छे छे, महाराज! पृथ्वीवर नाही!"

"पृथ्वी काय घेऊन बसलात? स्वर्गातही नाही!"

"सूर्य उगवतो तोच मुळी महाराजांचं तोंड पाहायला!" प्रधान सगळ्यांच्या वर आवाज चढवून म्हणाले.

बोलता बोलता माणसं लाल झाली. भिंती ओलसर झाल्या. प्रधानांच्या मिशीवरून थेंब ओघळला!

गोजराने पुन्हा पान चाचपलं. ते आता जास्तच भिजलं होतं. ती परत कुजबुजली. राजाने विचारलं, "बरं, तळ्याचा बांध खचलाय. या उन्हात तो बांधायला कोण जातं?"

चिडीचूप! सगळे जागच्या जागी थंड. मग एकाला घरचं काम आठवलं, दुसऱ्याच्या पोटात दुखायला लागलं. दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. जाणाऱ्या प्रत्येकाबरोबर बाहेरची हवा आत येऊन गेली आणि वेलीची पानं मजेत हलली.

मग हेच रोज चाललं. हवा कोरडी पडली की राजाची स्तुती, कोंदट झाली की बांधाची गोष्ट! वेल अशी काही चढली की झरोक्याला जाऊन टेकली.

ठरलेल्या पुनवेला राजाने हात वर केला. टच्! राजा लहान मुलासारखा हसला आणि दुसरं पान खुडायला लगेच पुढे झाला.

"महाराज, लबाडी आहे!" प्रधान ओरडले. त्यांनी माती उकरली, गोणपाटं झटकली, गोजराचं भाकरीचं फडकंसुद्धा सोडून पाहिलं. "हिने शेगडी लपवली असणार! बोल, ऊब कुठून आणलीस? ओल कुठून आणलीस?"

"तुमच्याकडूनच घेतली, प्रधानजी!"

"माझ्याकडून?"

"दरबारात रोज एवढी तोंडाची वाफ दवडली जायची. मी म्हटलं, वाया कशाला घालवा? दार लावून घेतलं आणि वेलीला दिली!"

मग राजा असा हसला की त्याच्या हातातली पानं खाली पडली. "अरे, म्हणजे माझा दरबार कशाच्या तरी उपयोगाचा आहे! सटवाजी, मळा तुझाच. पिढ्यान्‌पिढ्या तुझा, आणि त्यावर कसलाही सारा नाही! आणि गोजरे, आजपासून तू या कोठीची कारभारीण. इथे कोणी कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, ते तू ठरवायचंस. प्रधानालाही हाच नियम!"

सटवाजीने भरल्या डोळ्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"काय प्रधानजी," राजा डोळे पुसत म्हणाला, "यावर तुमचं काय म्हणणं?"

प्रधानांनी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं. गोजराने हळूच वेलीच्या पानाला हात लावून पाहिला आणि मान हलवली.

"आज नको, प्रधानजी. आज पुरेशी ओल आहे."

प्रधानांनी तोंड मिटलं, उपरणं सावरलं आणि ते चालू लागले.