झुपकीची शेंग आणि उठून गेलेली खूण

बांधावर एक बाभूळ. बाभळीत एक ढोली. ढोलीत दोन खारी. एक एवढीशी, एक त्याहून एवढीशी.

एवढीशी ती झुपकी. त्याहून एवढासा तो तिचा भाऊ, बारकू.

बारकूच्या पायात काटा मोडला होता. त्याला खाली उतरता येईना.

"ताई, भूक!" बारकू म्हणाला.

"थांब हं! काल मी शेंग पुरून ठेवलीय. तीन दाण्यांची! तुझ्यासाठीच!"

झुपकी झाडावरून उतरली. सर्र सर्र सर्र!

शेतात पोचली. इकडे बघते, तिकडे बघते. शेंग कुठे पुरली? आठवेचना!

झुपकी होतीच तशी विसरभोळी. सगळे तिला हसायचे. म्हणून तर काल तिने खूण केली होती. चांगली मोठी खूण. शेतात एक काळीभोर टेकडी होती. टेकडीच्या टोकाशी तिने शेंग पुरली होती.

पण आज टेकडीच नाही!

"अगं बाई! माझी टेकडी कुठे गेली?"

तेवढ्यात टेकडी पलीकडून चालत आली. धप् धप् धप्!

ती टेकडी नव्हतीच. ती होती म्हैस!

काल बसली होती. आज उठून गेली.

झुपकीने कपाळाला हात लावला. मग धावली. तुरुतुरु तुरुतुरु! आणि विसरू नये म्हणून मोठ्याने म्हणत गेली,

"शेंग सापडेना,
बारकूची भूक भागेना!"

"म्हशीबाई, म्हशीबाई, काल कुठे बसला होतात?"

म्हैस म्हणाली, "ह्यँऽऽ! मला नाही बाई आठवत. आधी पोटात ओलं गवत जायला हवं. मग मी रवंथ करणार. खाल्लेलं पुन्हा तोंडात आणणार, सावकाश चावणार. तसं चावता चावता मला सगळं आठवतं. गवताला सांग, वर ये."

"मग चला की गवताकडे!"

"एवढीशी तू, केवढी घाई!" म्हैस म्हणाली, आणि तिने डोळे मिटून घेतले.

झुपकी एकटीच धावली. तुरुतुरु तुरुतुरु!

"म्हशीला आठवेना,
शेंग सापडेना,
बारकूची भूक भागेना!"

"गवतदादा, गवतदादा, वर ये ना!"

गवत वाळून जमिनीला टेकलं होतं. ते म्हणालं, "सळ्‌ सळ्‌ सळ्‌! घसा सुकला माझा. आधी पाणी हवं. पाटाला सांग, वाहा. मग मी उठतो."

झुपकी धावली. तुरुतुरु तुरुतुरु!

"गवत उठेना,
म्हशीला आठवेना,
शेंग सापडेना,
बारकूची भूक भागेना!"

"पाटबुवा, पाटबुवा, वाहा ना!"

पाटाचं पाणी मातीमागे अडलं होतं. पाट म्हणाला, "डुबुक! वाहू कसा? तोंडात माझ्या माती. तात्यांना सांग, माती काढा. मग मी वाहतो."

झुपकी धावली. तुरुतुरु तुरुतुरु!

"पाट वाहेना,
गवत उठेना,
म्हशीला आठवेना,
शेंग सापडेना,
बारकूची भूक भागेना!"

शेतात एक खोपट होतं. तिथे तात्या होते. शेत तात्यांचं, म्हैसही तात्यांची. तात्या खाटेखाली बघत होते, कोनाड्यात बघत होते. गाडग्यातसुद्धा बघत होते.

"तात्या, तात्या, पाटाची माती काढा ना!"

"काढू कशाने? हातांनी? माझं फावडं गवसेना!"

"कुठे ठेवलंत?"

"ए चिमुरडे, मला विचारतेस? आमच्या वेळी असं नव्हतं. आम्ही काही म्हणजे काही विसरत नसू!"

"मग फावडं कुठंय?"

तात्या खोकले. खॉक् खॉक्! मग हळूच म्हणाले, "काकूंना विचार."

झुपकी धावली. तुरुतुरु तुरुतुरु!

"तात्यांना फावडं गवसेना,
पाट वाहेना,
गवत उठेना,
म्हशीला आठवेना,
शेंग सापडेना,
बारकूची भूक भागेना!"

खोपटामागे काकू होत्या. काकू म्हणजे तात्यांची बायको.

"काकू, काकू, फावडं कुठंय?"

काकूंनी पदर पुढे केला. पदराच्या टोकाला एक गाठ होती.

"ही बघ. फावड्याचं काहीतरी लक्षात ठेवायचं होतं. म्हणून तर गाठ मारली! आता काय ठेवायचं होतं, तेच आठवेना. गाठ आहे, पण गाठ बोलेना."

"कमालच आहे! तुम्ही तर एवढ्या मोठ्या!"

"मोठी आहे, पण झोपलेली नाही ना! काल रात्रभर ठकू जागी. ठकू जागी म्हणून मी जागी. डोक्यात नुसता कापूस भरलाय. ठकूला सांग, झोप. ती झोपली की मी झोपेन. मी झोपले की गाठ बोलेल."

झुपकी धावली. तुरुतुरु तुरुतुरु!

"काकूंची गाठ बोलेना,
तात्यांना फावडं गवसेना,
पाट वाहेना,
गवत उठेना,
म्हशीला आठवेना,
शेंग सापडेना,
बारकूची भूक भागेना!"

चिंचेला झोळी बांधली होती. झोळीत ठकू होती. काकूंची नात. दोन दात, लालबुंद नाक.

"ट्यँहँ! ट्यँहँ!"

"ठकू, ठकू, झोप ना!"

"गोट्ट!" ठकू म्हणाली. "आदी गोट्ट!"

"तिला गोष्ट हवीय," मागोमाग आलेल्या काकू म्हणाल्या. "माझ्या सगळ्या सांगून संपल्या. तूच सांग एखादी."

झुपकीची शेपटी खाली आली. "मी? मला कुठली गोष्ट येते! माझ्या काही लक्षात राहत नाही. सगळे म्हणतात, झुपकी विसरभोळी."

"ट्यँहँऽऽऽ!"

तिकडे बारकू उपाशी. इकडे ठकू रडते. आता काय करायचं?

झुपकीला दुसरं काहीच सुचेना. मग आज जे झालं, तेच ती सांगू लागली.

"ऐक हं. एक होती ठकू.
ठकू झोपेना,
काकूंची गाठ बोलेना,
तात्यांना फावडं गवसेना,
पाट वाहेना,
गवत उठेना,
म्हशीला आठवेना,
शेंग सापडेना,
बारकूची भूक भागेना!"

ठकू रडायची थांबली. "पुना!"

झुपकीने पुन्हा सांगितलं. म्हशीजवळ "ह्यँऽऽ" म्हणाली. पाटाजवळ "डुबुक" म्हणाली. तात्यांजवळ तर "खॉक् खॉक्" खोकली.

ठकू हसली. दोन्ही दात दिसले. "पुना!"

झुपकीने पुन्हा सांगितलं. हळू... आणखी हळू...

ठकूचे डोळे मिटले.

काकूंचेही मिटले.

आणि झुपकीचे? झुपकीचे तर मोठ्ठे झाले!

"अगंबाई! मी सगळं सांगितलं! एकही नाही विसरले! दर वेळी मोठ्याने म्हणत आले, म्हणून राहिलं की लक्षात!"

तिला ओरडावंसं वाटलं. नाचावंसं वाटलं. काकूंना गदागदा हलवून उठवावंसंही वाटलं. थांबणं तिला मुळीच जमत नसे.

पण ती थांबली. शेपटी घट्ट धरून थांबली.

घुर्रर्र... घुर्रर्र... काकू घोरत होत्या.

मग काकू जाग्या झाल्या. आळस दिला. पदराची गाठ पाहिली. आणि टाळी वाजवली. टाप्प!

"अहो! ऐकलं का? फावडं हौदात आहे! दांडा ढिला झाला होता ना? लाकूड फुगावं म्हणून मीच ते पाण्यात बुडवून ठेवलं होतं!"

"आणि मी कोरड्यात शोधतोय!" तात्या म्हणाले.

ठकू झोपली, म्हणून काकूंची गाठ बोलली.
गाठ बोलली, म्हणून तात्यांना फावडं गवसलं.
दांडा फुगून कसा घट्ट बसला होता!
फावडं गवसलं, तात्यांनी माती काढली. खच्च खच्च!
माती निघाली, पाट वाहिला. झुळझुळ झुळझुळ!
पाट वाहिला, गवत उठलं. सळसळ सळसळ!
गवत उठलं, म्हशीने खाल्लं. करम् करम्!

मग म्हैस रवंथ करू लागली. चावते, चावते, चावते.

"म्हशीबाई, आठवलं का?"

"थांब गं. काल ऊन होतं... सावली शोधली... लिंबाची सावली... मान ओढ्याकडे होती... शेपटी बांधाकडे होती..."

म्हैस चालू लागली. धप् धप् धप्! लिंबाखाली गेली. मान ओढ्याकडे केली. शेपटी बांधाकडे केली. आणि बसली. धप्प!

"अशी बसले होते बघ!"

काळीभोर टेकडी! तश्शीच! झुपकी शेपटीपाशी गेली. माती उकरली. खर् खर् खर्!

शेंग! तीन दाण्यांची!

झुपकी शेंग घेऊन झाडावर चढली. सर्र सर्र सर्र!

बारकूने एक दाणा खाल्ला. कुटुम्! दुसरा खाल्ला. कुटुम्! तिसरा ताईपुढे धरला.

"ताई, हा तुला."

झुपकीने तो घेतला. पण खाल्ला नाही. गालात ठेवला आणि पुन्हा खाली उतरली.

"आता कुठे गं?" बारकूने विचारलं.

"काम झालं की सांगायला जायचं असतं. आणि मला कुणालाही विसरायचं नाहीये!"

झुपकी धावली. तुरुतुरु तुरुतुरु! म्हशीकडे गेली, गवताकडे गेली, पाटाकडे गेली, तात्यांकडे गेली, काकूंकडे गेली. सगळ्यांना म्हणाली, "तुम्ही होतात, म्हणून बारकू जेवला."

शेवटी झोळीपाशी गेली. ठकू नुकतीच उठली होती.

"ठकू, ठकू, तू झोपलीस, म्हणून बारकू जेवला." आणि गालातला दाणा तिने काकूंच्या हातावर ठेवला. "कुटून द्या तिला. दोनच दात आहेत."

काकू दाण्याकडे बघतच राहिल्या. तात्या डोकं खाजवू लागले.

"झुपके," तात्या म्हणाले, "मी विसरलो. ही विसरली. म्हैससुद्धा विसरली. लक्षात राहिलं ते एकट्या तुझ्या. आता तुला विसरभोळी म्हणेल, त्याची गाठ माझ्याशी!"

काकूंनी पदर हातात घेतला. एक नवीन गाठ मारली. घट्ट!

"ही कसली गाठ?" झुपकीने विचारलं.

"ही तुझी. शेंगा निघाल्या की पहिली ओंजळ बाभळीखाली ठेवायची. झुपकीची आणि बारकूची."

"आणि विसरलात तर?"

काकू हसल्या. "आता रात्री नीट झोपेन. आणि रोज ही गोष्ट सांगेन. मग कशी विसरेन?"

"गोट्ट!" ठकू ओरडली. "झुप्पी गोट्ट!"

मग सगळ्यांनी मिळून म्हटलं. तुम्हीही म्हणा,

"ठकू झोपली,
काकूंची गाठ बोलली,
तात्यांना फावडं गवसलं,
पाट वाहिला,
गवत उठलं,
म्हशीला आठवलं,
शेंग सापडली,
बारकूची भूक भागली!"

शेंगा निघाल्या, तेव्हा बाभळीखाली ओंजळभर शेंगा होत्या. बारकूचा पाय बरा झाला होता. दोघांनी पोटभर खाल्ल्या. उरलेल्या झुपकीने पुरून ठेवल्या.

कुठे?

बाभळीच्या मुळाशी. बाभूळ काही उठून जात नाही!

गोष्ट सांगून सरली,
शेंग पोटात शिरली,
आता डोळे मिटा, आणि सकाळी मला सांगा,
आधी कोण, मग कोण!